ओपन फाइलचा भाव

"पीडीएफ आहे माझ्याकडे," बारगीर मॅडम म्हणाल्या. "ती नकोय. ज्याच्यात बदल करता येतात, ती हवीय. काय म्हणता तुम्ही लोक तिला?"

"ओपन फाइल."

"हां. ती द्या मला."

मी उठून त्यांना पाणी दिलं. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे दोन महिन्यांपासून तयार होतं. ते पहिल्यांदा बारगीर मॅडमनाच द्यावं लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

दोन हजार तेराचा मार्च होता. सांगलीत विश्रामबागेला एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली होती. बाहेरून लोखंडी जिना, आत एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि येणाऱ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची. मी एकोणतीस वर्षांचा होतो. पुण्यातली नोकरी सोडून गावी परत आलो होतो आणि स्वतःची कामं घेत होतो. हळदीची पाकिटं, द्राक्षांच्या पेट्या, शाळांची माहितीपत्रकं, पतसंस्थांचे अहवाल. 'मगदूमांचा विद्याधर कॉम्प्युटरवर चित्रं काढतो' एवढंच आमच्या गल्लीत माहीत होतं.

रुबीना बारगीर मॅडम मिरजेच्या. लकवा झालेल्या माणसांची वाचा जाते, ती परत आणायचं काम त्या करायच्या. मिरजेत एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत त्यांचं केंद्र होतं. खर्च एक ट्रस्ट करायचा. त्यांच्याकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना आपण बोललेलं सगळं समजतं, स्वतःला काय म्हणायचंय तेही डोक्यात पक्कं असतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. अशा माणसांना बोट ठेवून तरी बोलता यावं, म्हणून मॅडमना चित्रांचं पुस्तक हवं होतं. इंग्रजी पुस्तकं मिळत होती. पण त्यात सँडविच होतं आणि गोऱ्या नर्स होत्या.

ते पुस्तक मी केलं. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. आठवड्यातून दोनदा मिरजेला जायचो, कोपऱ्यात बसून बघायचो. एक म्हातारा तासभर 'प'शी झुंजला आणि शेवटी 'पाणी' म्हणाला, तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. चूल, भाकरी, तंबाखूची चंची, म्हैस, मोट नव्हे तर मोटर, कूस बदला, लाइट बंद करा, दुखतंय, लाज वाटते. प्रत्येक पानावर नऊ चौकोन, तीन ओळींत तीन-तीन, जाड रेषा, मोजके रंग. मेहनतीच्या मानानं अठरा हजार फारच थोडे होते, पण मी हूं की चूं केलं नाही. ते माझं तोवरचं सगळ्यात चांगलं काम होतं, आणि ते मला माहीत होतं. डिसेंबरात दोनशे प्रती छापून झाल्या.

आता त्यातलीच एक प्रत मॅडमच्या मांडीवर होती.

"मॅडम, ओपन फाइलचे पैसे वेगळे असतात," मी म्हणालो.

"किती?"

"मूळ कामाच्या तिप्पट."

त्यांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तिप्पट? म्हणजे पुस्तक अठरा हजारांत, आणि त्याची फाइल चोपन्न हजारांना?"

मी पाठीमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं माझं दरपत्रक चिकटवलेलं होतं. मॅडमनी चष्मा लावला, उठून भिंतीजवळ गेल्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचलं.

"पुस्तक करताना हे इथं नव्हतं."

"जानेवारीत लावलं."

"बरं." त्या परत येऊन बसल्या.

ते जानेवारीत का लावलं, ते सांगायला हवं. बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याचं मी बोधचिन्ह आणि चार पाकिटं केली होती. त्यानं ओपन फाइल मागितली, मी भाबडेपणानं दिली. पुढच्या हंगामात त्याची अकरा नवी पाकिटं बाजारात आली. मार्केट यार्डातल्या एका फ्लेक्सवाल्यानं माझीच अक्षरं ओढूनताणून रुंद करून ती बनवली होती. विचारायला गेलो तर व्यापारी म्हणाला, "डिझाइन तर झालेलंच होतं ना? आता त्यात तुमचे काय कष्ट?" वर चहा पाजला. मी घरी आलो आणि पुण्याच्या कौस्तुभला फोन केला. तो माझ्या आधीपासून स्वतंत्र काम करत होता.

"चूक तुझी," कौस्तुभ म्हणाला. "ओपन फाइल दिलीस म्हणजे पुढची सगळी कामं देऊन टाकलीस. ज्याला खरंच हवी असते तो पैसे मोजून घेतो, ज्याला फुकटात हवी असते तो आपोआप गळतो. तिप्पट लाव. आणि माणूस बघून दर बदलायचा नाही. एकदा बदललास की संपलं."

ते बरोबरच होतं. आज माझ्या हाताखाली सहाजण आहेत आणि दरपत्रकातली ती ओळ अजून आहे. नव्या मुलांना मी तेच सांगतो. ती ओळ चुकीची नाही.

पण त्या दिवशी समोर बारगीर मॅडम होत्या, म्हणून मी जरा समजावून सांगायला गेलो.

"असं बघा मॅडम. शिंपी झंपर शिवून देतो, पण कागदाची बेतणी देतो का?"

"नाही देत," मॅडम म्हणाल्या. "पण शिवताना आत माया ठेवतो. तंग झालं तर उसवून सैल करायला."

मी विचारलं, "बदल करणार कोण?"

"आमच्याकडे इम्तियाज येतो, त्याला डीटीपी येतं. पेशंटच्या घरचे फोटो चौकोनांत घालायचेत. ज्याची त्याची माणसं, ज्याचं त्याचं घर."

"फोटो?" मी म्हणालो. "माझ्या चित्रांच्या मध्ये फोटो?"

"का? काय होतं?"

काय होतं ते मी त्यांना सांगू शकलो नाही. मोबाइलवर काढलेले, पिवळट, डोळे मिटलेले चेहरे माझ्या त्या स्वच्छ पानांवर बसलेले मला दिसले.

"एक पेशंट आहेत," मॅडम म्हणाल्या. "बेडगचे, खोत म्हणून. त्यांना काहीतरी सांगायचंय, आणि ते पुस्तकात नाही. रोज पानं उलटतात आणि चिडतात."

"मग कुठलं चित्र हवंय तेवढं सांगा. मी काढून देतो. सुट्या चित्राचे फार होत नाहीत."

"कुठलं ते कळलं असतं, तर हा जिना कशाला चढले असते?" त्या हसल्या, पण दमून. "म्हणून तर म्हणते, त्यांच्या घरचं, शेतातलं, सगळं घालून बघते. कशावर तरी बोट पडेल. एका पेशंटचं मी कात्रीनं करीनही. पण माझ्याकडे बत्तीस आहेत. प्रत्येकाचं निराळं."

त्या क्षणी मी 'घेऊन जा' म्हणणार होतो. हे मी आता स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, खरोखरच हात कपाटातल्या पेन ड्राइव्हकडे चालला होता. तेवढ्यात मॅडम सहज म्हणून गेल्या,

"चित्रं तर झालीच आहेत ना काढून? आता तुम्हाला कुठं काय कष्ट पडणार आहेत?"

तेच शब्द. मला तो व्यापारी दिसला, त्याचा चहा दिसला, अकरा पाकिटं दिसली.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम," मी म्हणालो. "तुमच्यासाठी मोडला तर उद्या मला कुणालाच काही म्हणता येणार नाही."

मॅडमनी पुस्तक पर्समध्ये ठेवलं. रागावल्या वगैरे नाहीत. "लेखी द्या मग," म्हणाल्या. "ट्रस्टपुढे ठेवते. त्यांची बैठक वीस तारखेला असते." जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता, हे मला वरून दिसलं.

मी त्याच संध्याकाळी कोटेशन पाठवलं आणि कौस्तुभला कळवलं. "शाब्बास," तो म्हणाला. "पहिल्यांदा जड जातं. नंतर सवय होते."

पुढचे तीन आठवडे मिरजेहून काही आलं नाही. मला वाटलं, गळल्या. वाईटही वाटलं थोडं. आणि मग महिनाअखेरीला कुरिअरनं ट्रस्टचा चेक आला. पूर्ण रकमेचा. सोबत दोन ओळींचं पत्र: 'आपल्या कोटेशनप्रमाणे. कृपया ओपन फाइल द्यावी. रु. बारगीर.'

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पैशांचा तर झालाच, पण त्याहून जास्त, आपला नियम टिकला याचा. चेक बँकेत भरला. मग ठरवलं की फाइल अशीच पाठवायची नाही. कुणाच्याही हातात पडली तरी कळेल अशी करून द्यायची. दोन दिवस बसून मी सगळी पानं साफ केली, प्रत्येक चित्र वेगळं काढून त्याला मराठीत नाव दिलं. भाकरी. चंची. म्हैस. आई. वडील. मुलगी. दोनशे अठ्ठ्याऐंशी चित्रांना नावं दिली आणि कुठंही काही खटकलं नाही. पेन ड्राइव्ह नवा घेतला. तो घेऊन एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी मी स्वतःच मिरजेला गेलो.

सकाळचे अकरा वाजले असतील. मॅडमच्या टेबलासमोर एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. टेबलावर माझं पुस्तक होतं, पण ते ओळखू येत नव्हतं. फुगून दुप्पट जाड झालं होतं. पानापानांवर फोटो चिकटवलेले होते, कडांनी चिकटपट्टी सुटली होती, कुठं बॉलपेननं काढलेलं घर, कुठं विहीर.

"या विद्याधर," मॅडम म्हणाल्या. "बसा. या शालन. बेडगच्या खोतांची मुलगी. आणि शालन, हे मगदूम. हे पुस्तक यांनी काढलंय."

"अगं बया," शालन म्हणाली आणि पदर सावरून माझ्याकडे बघत राहिली. "ही चित्रं तुमी काढल्यात? समदी?"

"हो."

"लई झ्याक काढल्यात दादा. म्हस तर आमचीच वाटती. आबा तिच्यावर बोट ठिवून मला धारंला लावायचे."

मी हसलो. खोतांची तब्येत कशी आहे, असं विचारणार होतो. पण ती आधीच बोलायला लागली होती.

"पुस्तक परत द्यायचं असतं म्हनून आले. आबांचं काय आता काम न्हाई त्याचं. पंधरवडा झाला त्यांस्नी जाऊन."

मी 'अरेरे' असं काहीतरी म्हणालो. मॅडम टेबलावरची पानं सरळ करत होत्या.

शालनला सांगायचंच होतं. कुणीही नवीन माणूस समोर आलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. जत तालुक्यात, उमदीला तिला दिलेलं. बाप पडला म्हणून फेब्रुवारीत ती घरदार टाकून बेडगला आली. अंघोळ, जेवण, कूस बदलणं, सगळं तिनं केलं. मॅडमनी पुस्तक दिलं तेव्हा घरात केवढा आनंद झाला. आबा भाकरीवर बोट ठेवायचे, पाण्यावर ठेवायचे. नातवंडांना तर खेळच मिळाला.

"आन मग एक दिवस त्यांनी हे पान काढलं." तिनं पुस्तक उघडलं. 'घरची माणसं' असं वर माझ्या अक्षरात होतं. "ह्या मुलगीवर बोट ठिवलं. मी म्हनलं, 'काय आबा? मी हितंच हाय की.' तर मान हलवली. न्हाई. परत बोट मुलगीवरच. परत न्हाई. मी जवळ गेले की हात झटकायचे. रोज तेच, सकाळ झाली की तेच. बोट मुलगीवर आन मान न्हाई म्हनून. डोळ्याला पानी यायचं त्यांच्या."

"किती दिवस?" मी विचारलं.

"अकरा. मी मोजल्यात. मॅडम आल्या, त्यांनीबी लई इचारून बघितलं. पैसं का, जमीन का, नात का. समद्याला न्हाई. शेवटाला भावजय म्हनली, 'वन्सं, तुमाला बघूनच त्यांस्नी तरास होतोय. तुमी काय दिवस जावा घरला.' मलाबी तसंच वाटाया लागलं हुतं. म्हनलं, बापाला मुलगी नको झाली. सांगतोय तर खरं बोट ठिवून. मग कशाला ऱ्हाऊ? गेले."

बाहेर कुणीतरी स्टूल सरकवलं. मॅडमनी पुढचं सांगितलं, अगदी कमी शब्दांत. ट्रस्टची बैठक होईपर्यंत त्यांनी वाट बघितली. मंजुरी मिळाली, पण चेक निघून फाइल येईपर्यंत आणखी आठवडा जाणार होता. तेव्हा त्या एकट्याच कात्री घेऊन बसल्या. खोतांच्या घरी जाऊन ट्रंकेतले जुने फोटो आणले, कापले, या पुस्तकात डकवले. बावीस तारखेला ते घेऊन बेडगला गेल्या. एका जुन्या लग्नातला फोटो होता. त्यातल्या एका बाईवर खोतांनी बोट ठेवलं ते उचलेचनात. ती त्यांची बहीण, हौसाक्का. अथणीला दिलेली. विहिरीच्या वाटणीवरून भांडण झाल्यापासून अकरा वर्षं तिचं येणं-जाणं बंद होतं. घरात तिचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं, त्यामुळं ती कुणाच्या ध्यानातच आली नाही.

"आत्तीला फोन केला तशी ती दुसऱ्या दिवशी आली," शालन म्हणाली. "दिवसभर हात धरून बसली म्हनं. आबा निवांत झोपले. आन तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. मॅडमचा फोन मला आदल्या सांजंला आला हुता, की बाई, आबांस्नी तू नको नव्हतीस, त्यांस्नी भईन पायजे हुती. पहाटंची पयली गाडी धरली मी. आले तवा अंगनात ठिवलं हुतं."

ती रडली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं ते पान पुन्हा समोर ओढलं आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली.

"मॅडम, एक इचारू का? राग मानू नका. ह्यात समदं हाय. आई हाय, नवरा हाय, बायको हाय, नातू हाय, शेजारी हाय. भईन का न्हाई वो?"

मला ती दुपार आठवली. नोव्हेंबरातली, याच टेबलावरची. मॅडमनी हातानं लिहून आणलेली यादी माझ्यासमोर होती. 'घरची माणसं' या पानासाठी त्यांनी दहा शब्द लिहिले होते. मी म्हणालो होतो, "दहा बसत नाहीत मॅडम. नऊच. एक काढूया." त्या यादी बघत बसल्या. मीच पेन्सिल घेतली आणि बहिणीवर काट मारली. "बहीण राहू द्या की," त्या म्हणाल्या होत्या. आणि मी म्हणालो होतो, "मुलगी आहेच ना. चित्र तर सारखंच दिसणार, साडीतली बाई. एका पानासाठी चौकट मोडली तर अख्खं पुस्तक बिघडतं." त्यांनी जरा विचार केला होता. "बरं, तुम्ही म्हणता तसं. त्यातलं तुम्हाला कळतं."

खोतांनी बरोबरच बोट ठेवलं होतं. जी सगळ्यात जवळची दिसली तिच्यावर ठेवलं, आणि ही नव्हे, म्हणून मान हलवली. अकरा दिवस ते तेच सांगत होते.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. एकदाच, आणि फार वेळ नाही. त्या बघण्यात दोष देणं नव्हतं. समोरच्याच्या तोंडून शब्द बाहेर यायची वाट बघायची असते तेव्हा त्या पेशंटकडे जशा बघत, तशा बघत होत्या. तोंड न उघडता, घाई न करता.

मी हातातल्या पेन ड्राइव्हचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"राहिलं," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडून राहिलं, शालन. यादी माझी होती."

"असू द्या," शालन घाईघाईनं म्हणाली. "तुमी तर किती फिरला आमच्यापायी. मी आपलं इचारलं." ती उठली. पुस्तक तिनं मॅडमपुढं सरकवलं. तो लग्नातला फोटो तेवढा मागून घेतला, जपून सोडवून पिशवीत ठेवला, आणि मला नमस्कार करून गेली.

मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "मॅडम, ते बहिणीचं—"

"आठवतंय मला," त्या म्हणाल्या.

"मी पैसे परत करतो. सगळे."

"ते ट्रस्टचे आहेत. पुस्तक परत छापायला ठेवलेले होते. आता फाइल आली, इथल्याच प्रिंटरवर काढू आम्ही." त्यांनी पेन ड्राइव्ह उचलून त्यावरचं नाव वाचलं. "पैशाचं मी काही म्हणतच नाहीये, विद्याधर. तुमचा दर होता, आम्ही दिला. पण आत्ता जे सांगायचं होतं ते तिला सांगायचं होतं. मला कशाला सांगताय?"

मी दाराकडे वळून बघितलं.

"बेडगचं वडाप भरल्याशिवाय हलत नाही," मॅडम म्हणाल्या. "कोपऱ्यावर उभं असतं. अजून असेल."

मी निघालो. खरं तर पळतच गेलो. दवाखान्याच्या कोपऱ्यावर दोन-तीन वडापच्या जीपा उभ्या होत्या. 'बेडग, बेडग' ओरडणारा एकजण होता, आणि मागच्या बाकावर कडेला शालन बसली होती, पिशवी पोटाशी धरून. तिनं मला येताना बघितलं आणि ओळखीचं हसली. मी तिच्यासमोर जाऊन थांबलो. धाप लागली होती. वाक्य तयार होतं. 'बहीण मी गाळली' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द.

ती आत सरकली. पिशवी सावरली आणि बाकावर हात ठेवून म्हणाली, "या की दादा, जागा हाय. बेडगला निघालाय?"

आतली चार माणसं माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "इकडं काम होतं जरा."

"बरं, बरं." मग तिला काहीतरी आठवलं. ती बाहेर वाकली, आवाज खाली आणला. "दादा, परत मॅडमकडं जानार असला तर एक सांगाल? म्हनावं, भईन ऱ्हायली त्याचं मनाला लावून घिऊ नका. मी उगं इचारलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं हुतं."

"सांगतो," मी म्हणालो.

दोघंजण पळत येऊन मागं लटकले, ओरडणाऱ्यानं पत्र्यावर थाप मारली आणि जीप निघाली. मी वळणापर्यंत बघत राहिलो.

परत केंद्रात आलो तेव्हा मॅडम पुढच्या पेशंटला घेऊन बसल्या होत्या. आतल्या खोलीत इम्तियाज कॉम्प्युटर चालू करत होता. मी दारातच उभा राहून शालनचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत, एकही न गाळता. मॅडमनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला सांगितलंत का, हे विचारलं नाही.

"इम्तियाज," त्यांनी आत हाक मारली. "ती मगदूमांची फाइल उघड. घरच्या माणसांचं पान काढ आधी. दहा चौकोन करायचेत."